पिट्सबर्गहून मिसिसॉगा: गाडी न्यावी की विकावी? आणि लायसन्सचं काय?

पिंपळपान | २ मे
नमस्कार मंडळी. कॅनडाचं पीआर (कायमच्या रहिवासाची परवानगी) हातात आलं. ऑगस्टमध्ये पिट्सबर्गचं बिऱ्हाड मोडून मिसिसॉगाला जायचं पक्कं झालंय. सोफा-पलंग वाटून टाकले, भांड्यांची खोकी भरून झाली, आता घोडं अडलंय ते गाडीपाशी.

गाडी म्हणजे २०१२ ची होंडा अकॉर्ड. सेकंडहँड घेतलेली, १,१०,००० मैल झालेत. घेतली त्या दिवशी थेट पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरात नेऊन पूजा केली होती, चारही चाकांखाली लिंबं ठेवून. लेकीला हॉस्पिटलातून घरी आणलं ते याच गाडीतून. नवरा तेव्हा ताशी वीस मैलांच्या वर जायला तयार नव्हता आणि मी मागे बसून तिच्या मानेखाली हात धरून होते. तो म्हणतो गाडी न्यायचीच. आमच्या ऑफिसातले लोक म्हणतात, एवढ्या जुन्या गाडीसाठी सीमेवरची कटकट कोण करतं? कर्ज फिटलंय, टायटल (मालकीचा कागद) आमच्या दोघांच्या नावावर आहे.

दुसरी गोष्ट लायसन्सची. मी पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स काढलं त्याला चार वर्षं झाली. पण इथे एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) लायसन्सची मुदत व्हिसाला बांधलेली असते. व्हिसा वाढला की नवं कार्ड येतं आणि त्यावर कार्ड दिल्याची नवी तारीख छापतात. माझ्या कार्डावरची तारीख १४ महिन्यांपूर्वीची आहे. ऑन्टॅरियोत, म्हणजे मिसिसॉगाच्या प्रांतात, दोन वर्षांचा अनुभव मागतात असं ऐकलं. मला परत परीक्षा द्यावी लागेल का?

कडकलक्ष्मी | २ मे
विका. दुसरा विचार करू नका. पिट्सबर्गच्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकतात ते मीठ खाल्लेली २०१२ ची गाडी आहे, खालून गंज धरलेलाच असणार. त्यात तपासणीचे पैसे, सेफ्टी सर्टिफिकेटचे पैसे, नवे टायर, सुट्ट्या. आठवणी फोटोत राहतात.

घाटवाट | २ मे
कडकलक्ष्मी, मी नेमकं उलटं सांगणार आहे. चार वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून ब्रॅम्प्टनला गाडी घेऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

पिंपळपान, पहिलं काम आजच करा. ट्रान्सपोर्ट कॅनडाची (तिथल्या वाहतूक खात्याची) एक यादी आहे, अमेरिकेतली कुठली मॉडेलं कॅनडात चालतात त्याची. त्यात तुमचं मॉडेल आणि वर्ष बघा. मग होंडाकडून रिकॉल क्लिअरन्सचं पत्र मागवा, म्हणजे या गाडीवर एकही रिकॉल (कंपनीने दोष काढून द्यायला गाड्या परत बोलावणं) बाकी नाही असं लेखी. २०१२ ची अकॉर्ड टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमध्ये होती. ती एअरबॅग बदललेली नसेल तर पत्र मिळणार नाही. डीलर फुकट बदलून देतो, पण तारीख मिळायला वेळ लागतो. आणि पत्र मागवायचं ते निघण्याच्या आधीच्या महिन्यात. फार जुनं पत्र चालत नाही.

दुसरं, जे बहुतेक लोक विसरतात: गाडी कॅनडात आणण्याआधी ती अमेरिकेतून रीतसर बाहेर काढावी लागते. अमेरिकन कस्टम्सला एक्स्पोर्टची माहिती एईएस नावाच्या प्रणालीत भरून द्यायची, त्यातून आयटीएन क्रमांक मिळतो. तो क्रमांक आणि टायटल निदान ७२ तास आधी, तुम्ही ज्या पुलावरून जाणार तिथल्या एक्स्पोर्ट ऑफिसात पोचलं पाहिजे. मग ठरल्या दिवशी गाडी तिथे दाखवायची, टायटलवर शिक्का घ्यायचा आणि मगच पूल ओलांडायचा. ऑफिसची वेळ आधी फोन करून विचारा. माझा एक मित्र शनिवारी भरलेली गाडी, बायको आणि दोन मुलं घेऊन पोचला. ऑफिस बंद. सोमवार सकाळपर्यंत मोटेलात राहिले.

पलीकडे गेल्यावर 'गाडी आयात करतोय' असं स्पष्ट सांगा. स्थलांतरिताचं सामान म्हणून तिच्यावर ड्यूटी लागत नाही. अट एवढीच की ती येण्याआधी तुमच्या मालकीची आणि वापरातली हवी, आणि आल्यावर १२ महिने विकायची नाही. सामानाच्या यादीत गाडीचा व्हीआयएन (ओळखक्रमांक) लिहा. ते गाडीच्या आयातीचा फॉर्म १ देतात. मग आरआयव्हीची (आयात गाड्यांची नोंदणी करणारी कॅनडातली संस्था) फी, तीनशे-साडेतीनशे डॉलरच्या घरात, आणि ४५ दिवसांत मान्यताप्राप्त ठिकाणी तपासणी. दिवसा आपोआप लागणारे दिवे, कारसीटचे मागचे हुक, चोरीविरोधी इमोबिलायझर, किलोमीटर दाखवणारा स्पीडोमीटर हे सगळं बघतात. ऑन्टॅरियोच्या नोंदणीसाठी सेफ्टी सर्टिफिकेट वेगळं.

सुरंगी | ३ मे
घाटवाट, हे सगळं वाचून असं वाटलं की माणसाच्या पीआरपेक्षा गाडीच्या पीआरलाच जास्त कागद लागतात.

घाटवाट | ३ मे
फरक एवढाच की गाडीचं काम महिन्याभरात होतं.

कडकलक्ष्मी | ३ मे
घाटवाट, माहिती उत्तम, पण हिशेब कुठाय? आरआयव्ही, सेफ्टी, टायर, एईएस भरायला ब्रोकर घेतला तर त्याचे पैसे. हजार-दीड हजार डॉलर सहज गेले. गाडीची किंमत ती काय?

घाटवाट | ३ मे
हिशेब असा. नव्या देशात पहिल्या दिवशी तुमची क्रेडिट हिस्ट्री (कर्जफेडीची नोंद) शून्य असते. अमेरिकेतला ८०० चा स्कोअर सीमेवरच राहतो. गाडीचं कर्ज एक तर मिळत नाही, नाहीतर जबर व्याजाने मिळतं. मला नोकरी लागायला अडीच महिने लागले. त्या काळात मुलाखतींना जाणं, घर बघणं, मुलाची शाळा, किराणा हे सगळं न्यू जर्सीच्या जुन्या कॅमरीवर झालं. बाजारात गाडीला कितीही किंमत येवो, तेव्हा दारात एक चालणारी, कर्ज नसलेली गाडी उभी होती. तिचं मोल मी कशात धरू?

हां, नवी गाडी असेल आणि कर्ज बाकी असेल तर गोष्ट वेगळी. कर्ज देणाऱ्याची लेखी परवानगी लागते. लीजची गाडी तर विसराच.

रातराणी | ४ मे
मी थेट सोलापूरहून ब्रॅम्प्टनला आले, त्यामुळे गाडीचा प्रश्न नव्हता. लायसन्सची माझी कथा सांगते. भारतातून येणारं कुणी वाचत असेल तर त्यांनी निघण्यापूर्वी हे नक्की करावं.

माझं लायसन्स जुनं, पुस्तकासारखं होतं. सोळा वर्षं गाडी चालवली, सोलापूर-पुणे तर डोळे मिटून. इथे ऑन्टॅरियोत राहायला आल्यावर भारतीय लायसन्सवर ६० दिवस चालवता येतं, पुढे नाही. जी१ ची, म्हणजे शिकाऊ लायसन्सची, लेखी परीक्षा द्यावीच लागते. ४० प्रश्न, चिन्हांचे २० आणि नियमांचे २०, दोन्हींत किमान १६ बरोबर हवेत. इंग्रजी-फ्रेंचशिवाय पंजाबी, हिंदीतही देता येते.

खरा मुद्दा त्यानंतरचा. अनुभवाचा पुरावा नसेल तर जी१ नंतर १२ महिने थांबायचं, मान्यताप्राप्त कोर्स केला तर ८. दोन वर्षांहून जास्त अनुभव सिद्ध केला तर थेट पूर्ण जी ची (पक्क्या लायसन्सची) रोड टेस्ट देता येते. आणि सिद्ध कसा करायचा? नुसतं लायसन्स दाखवून भागत नाही, तिथल्या अधिकाऱ्यांचं लेखी हवं. माझ्या पुस्तकाची सारथी पोर्टलवर नोंदच नव्हती! इथून भावाला फोन, भाऊ आरटीओत, आधी बॅकलॉग एन्ट्री (जुन्या लायसन्सची ऑनलाइन नोंद), मग डीएल एक्स्ट्रॅक्ट (लायसन्सच्या नोंदीचा अधिकृत उतारा). बिचाऱ्याच्या पाच-सहा फेऱ्या झाल्या. मी तिथे असताना हेच काम मला सहज करता आलं असतं. तोपर्यंत इथे जानेवारी उजाडला होता आणि मी बाळाला स्ट्रोलरमध्ये गुंडाळून बस स्टॉपवर उभी राहायचे. तो हिवाळा मला अजून आठवतो.

म्हणून कळकळीने सांगते. पुस्तकी लायसन्स असेल त्यांनी ते आधी ऑनलाइन नोंदवून घ्या, स्मार्ट कार्ड काढा, एक्स्ट्रॅक्ट घ्या आणि विमानात बसा.

ताम्हण | ४ मे
रातराणी, तुमचं वाचून माझं स्टुटगार्टचं पहिलं वर्ष डोळ्यांपुढे आलं. जर्मनीत तर अनुभवाच्या कागदानेही सुटका नाही. रहिवास झाल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्स चालतं, सोबत भाषांतर किंवा इंटरनॅशनल परमिट हवं. सहा महिने संपले की त्याची किंमत शून्य. काही देशांची लायसन्सं ते परीक्षा न घेता बदलून देतात, भारत त्या यादीत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. शिवाय प्रथमोपचाराचा कोर्स आणि डोळ्यांची तपासणी. एवढाच दिलासा की नवशिक्याला सक्तीचे असलेले तास आपल्याला सक्तीचे नसतात. तरी मी बारा तास घेतले आणि घेतले ते बरंच केलं. कुठलीही पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा त्यांचा नियम. आपल्याकडे मोठी गाडी आधी जाते. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

डोंगरकडा | ४ मे
ब्रिटनमध्ये १२ महिने. मग प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल. स्टिअरिंग उजवीकडेच, एवढं सुख. राउंडअबाउटवर मात्र पहिले पंधरा दिवस मी देवाचं नाव घेत होतो.

रातराणी | ५ मे
आणि रोड टेस्टबद्दल राहिलंच. आपले अनुभवी लोक पहिल्यांदा नापास होतात ते दोन गोष्टींवर. एक, स्टॉपच्या पाटीला गाडी पूर्ण थांबत नाही, सरकत राहते. दोन, लेन बदलताना नुसता आरसा बघतात. खांद्यावरून मान वळवून बघितलेलं परीक्षकाला दिसलं पाहिजे. माझ्या नवऱ्याची एक चक्कर यातच वाया गेली.

आगबोट | ६ मे
थोडं उलट्या दिशेने. परतीच्या वाटेवरच्यांसाठी. मी न्हावा शेवाला क्लिअरिंगच्या कामात २२ वर्षं आहे. दर महिन्याला अमेरिकेतून, आखातातून कुणीतरी विचारतं, कायमचे परत येतोय, गाडी आणू का? मी आधी विचारतो, स्टिअरिंग कुठल्या बाजूला? डावीकडे असेल तर विषय तिथेच संपला. उजवीकडे असेल, म्हणजे ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, तरी वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, ती मुंबई बंदरातूनच यावी लागते, आणि ड्यूटी गाडीच्या किमतीहून जास्त होते. गेल्या वर्षी एका आजोबांना मी तीनदा समजावलं. मुलाने घेऊन दिलेली गाडी होती, त्यांचा जीव अडकलेला. शेवटी त्यांनी ती सिंगापुरातच विकली आणि नंबरप्लेट बॅगेत घालून आणली.

काही महिन्यांसाठी फिरायला आणायची असेल तर कार्ने नावाचा कागद मिळतो, पण मग गाडी ठरल्या मुदतीत परत न्यावीच लागते.

सुरंगी | ७ मे
आगबोट, नंबरप्लेटचं वाचून गलबलून आलं. आमच्या घरातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. धाग्याचा विषय जरा बाजूला जातोय, पिंपळपान, माफ कर.

बाबांची प्रीमियर पद्मिनी होती, १९८६ ची, रत्नागिरीत. आम्ही तिघं भावंडं तिच्यातच वाढलो. बाबा गेले तेव्हा भाऊ हॅलिफॅक्सला होता. तो म्हणाला, गाडी मी नेतो. आम्हाला वाटलं दुःखात बोलतोय. पण त्याने चौकशी केली, तर १५ वर्षांहून जुन्या गाडीला कॅनडात आरआयव्हीची ती सगळी भानगड लागतच नाही, आणि उजवीकडचं स्टिअरिंग त्याच्या प्रांतात चालतं. म्हणजे घाटवाट ज्या यादीबद्दल सांगतात ती नव्या गाड्यांना, आणि आमची म्हातारी मोकळी!

खरी अडचण मातीची निघाली. बाहेरच्या देशातली माती कॅनडात येऊ देत नाहीत, पिकांचे रोग येतील म्हणून. गाडी खालून पूर्ण स्वच्छ हवी. आणि कोकणातली ती जांभ्याची तांबडी माती, तीस-पस्तीस वर्षांची, चेसिसच्या प्रत्येक खाचेत. तीन वेळा प्रेशरने धुतली. मडगार्डच्या आत बोट घातलं की परत लाल. तिसऱ्या वेळी मी आणि आई बादली, टूथब्रश घेऊन बसलो. आई घासता घासता म्हणाली, "हे बघ, हा गणपतीपुळ्याचा असेल, हा राजापूरचा." मग तिनेच एका कुंडीत ती सगळी माती गोळा करून तुळस लावली.

गाडी हॅलिफॅक्सला पोचली. भाऊ उन्हाळ्यात रविवारी काढतो. हिवाळ्यात मिठामुळे बाहेर काढतच नाही.

घाटवाट | ७ मे
सुरंगी, यावर काय बोलणार. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा वाईट वाटलं होतं. एक पद्मिनी अटलांटिकच्या काठी फिरतेय हे ऐकून फार बरं वाटलं.

कडकलक्ष्मी | ८ मे
सुरंगी, तुमची गोष्ट आईला वाचून दाखवली. पिंपळपान, माझं मत मागे घेत नाही, पण एक अट घालते. आधी गाडी लिफ्टवर चढवून मेकॅनिककडून खालची बाजू बघून घ्या. गंज वरवरचा असेल तर न्या. फ्रेम किंवा ब्रेकच्या नळ्या खाल्ल्या असतील तर विका. ऑन्टॅरियोची सेफ्टी त्यातच अडकते.

घाटवाट | ८ मे
हे शंभर टक्के बरोबर.

आता पिंपळपानच्या लायसन्सकडे येतो, ते मागेच राहिलं. पेनसिल्व्हेनियाच्या वाहन खात्याकडून तुमचं पूर्ण ड्रायव्हिंग रेकॉर्ड मागवा, दोघांचंही. कार्डावर शेवटच्या नूतनीकरणाची तारीख असली तरी पहिलं लायसन्स कधी मिळालं ते रेकॉर्डमध्ये असतं. अमेरिकेच्या लायसन्सवर २४ महिने सिद्ध झाले की ऑन्टॅरियोत परीक्षेशिवाय पूर्ण जी मिळतं. डोळे तपासतात, जुनं कार्ड जमा करून घेतात, बस्स.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, यात मी स्वतः पोळलोय. विमा कंपनीकडून अनुभवाचं पत्र घ्या: किती वर्षं विमा होता, किती क्लेम झाले. ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाकडचा गाडीचा विमा महाग असतो. हे पत्र नसेल तर नवशिक्याचा दर लावतात. माझ्या पत्रात फक्त माझं नाव होतं. बायको सहा वर्षं त्याच पॉलिसीवर चालक होती, पण कंपनीने तिचा उल्लेख केला नाही आणि मी बघितलं नाही. इकडून फोन करून करून थकलो, पॉलिसी बंद झालेली, कुणी दाद देईना. दोन वर्षं तिच्या नावावर जास्तीचा हप्ता भरला. तिने एकदाही साधा ओरखडा काढला नव्हता, आणि कागदावर ती काल गाडी शिकलेली. मला आजही याचा राग येतो.

आणि पॉलिसी निघायच्या आधी बंद करू नका. कॅनडासाठीचं विम्याचं पिवळं कार्ड कंपनीकडून मागून घ्या आणि इथला विमा सुरू झाला की मगच तिकडचा थांबवा.

पिंपळपान | ९ मे
बाप रे. एवढं कुणी एकत्र सांगितलं नव्हतं. सुरंगीताई, तुमच्या आईंच्या कुंडीपाशी येऊन मी रडले. कडकलक्ष्मी, शनिवारी गाडी लिफ्टवर चढवतेय. घाटवाटदादा, विमा कंपनीला आत्ताच ईमेल केला, दोघांची नावं ठळक करून.

पिंपळपान | ३० जून
थोडी खबर. फ्रेम ठीक आहे. मागची एक ब्रेकची नळी बदलली. प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग खरंच बाकी होती! डीलरकडे तीन आठवड्यांनी नंबर लागला, फुकट बदलून दिली. लेक इतकी वर्षं या गाडीत बसतेय आणि मला माहीतही नव्हतं, या विचाराने दोन रात्री झोप नाही लागली. तुम्ही सगळे गाडी न्या की विका, पण व्हीआयएन टाकून रिकॉल आज तपासा.

ताम्हण | ३० जून
आत्ताच तपासला. धन्यवाद.

पिंपळपान | २१ ऑगस्ट
मिसिसॉगाहून लिहितेय!

बफेलोच्या पीस ब्रिजवरून आलो. कागद आठवडाभर आधी पाठवले होते, बुधवार सकाळची वेळ घेतली होती. अमेरिकन बाजूला अर्धा तास, शिक्का. पलीकडे फोर्ट एरीला लँडिंगचे (पीआरच्या प्रवेशाचे) कागद, सामानाची यादी, फॉर्म १, मिळून तीन तास. लेक खुर्चीत झोपून गेली. अधिकारी बाईंनी यादीत गाडी बघून विचारलं, ही किती वर्षं तुमच्याकडे आहे? नवऱ्याने तारखेसकट सांगितलं. त्या हसल्या.

परवा लायसन्स देणाऱ्या सेंटरला गेलो. माझं कार्ड बघून काउंटरवरच्या मुलाने तेच म्हटलं, १४ महिनेच झालेत (आता १७ झाले खरं तर). मी रेकॉर्ड पुढे केलं. त्याने पहिली तारीख शोधली, डोळे तपासले, आणि हातात पूर्ण जी चा तात्पुरता कागद दिला. घाटवाटदादा, त्या क्षणी तुमची आणि वहिनींची आठवण झाली. विम्याच्या पत्रात दोघांची नावं होती. दोन ठिकाणी दर विचारले, पत्र दाखवल्यावर आणि न दाखवता. फरक इतका होता की नवऱ्याने दोनदा आकडा वाचला.

आरआयव्हीची तपासणी झाली, सेफ्टी झाली, नंबरच्या पाट्या मिळाल्या. एक अडचण मात्र कुणीच सांगितली नव्हती. पेनसिल्व्हेनियात फक्त मागे पाटी असते, इथे पुढेही लागते. आमच्या गाडीला पुढे पाटी लावायची पट्टीच नाही. बंपरला भोकं पाडावी लागतील असं गॅरेजवाला म्हणतो, आणि नवऱ्याला ते बघवत नाहीये. भोकं न पाडता लावायचा काही उपाय कुणाला माहीत आहे का?

घाटवाट | २१ ऑगस्ट
अभिनंदन! वहिनींना, म्हणजे माझ्या घरी, तुमचा निरोप वाचून दाखवला. खूश झाली.

पट्टीचं सांगतो. बऱ्याच गाड्यांना पुढे गाडी ओढायच्या हुकासाठी एक आट्यांचं भोक असतं, झाकणाखाली. त्यात बसणारा पाटीचा स्टँड ऑनलाइन मिळतो. तुमच्या मॉडेलचाच आहे ना ते बघून घ्या आणि पाटी नीट दिसेल, हलणार नाही अशी घट्ट बसवा.

कडकलक्ष्मी | २२ ऑगस्ट
आणि नोव्हेंबरच्या आत विंटर टायर. इथे सक्ती नाही, पण विम्यात सूट मिळते, कंपनीला आठवण करून द्या. क्विबेकला जाणार असाल तर तिकडच्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च सक्तीच आहे. आणि महिन्यातून एकदा खालून धुवा. मीठ घालवायचं, सुरंगीताईंच्या आईसारखं, खाचेखाचेतून.

सुरंगी | २२ ऑगस्ट
पिंपळपान, नव्या पाटीसकट गाडीचा फोटो टाक ना. लेकीला बॉनेटवर बसव.